युनिव्हर्सल प्रोग्रामर कसा निवडावा: खोक्यावरचा आकडा आणि आपल्या टेबलावरच्या चिपा

टीव्हीचा लाल दिवा लागतो पण पडद्यावर चित्र येत नाही, लॅपटॉपचा पंखा फिरतो पण पुढे काहीच होत नाही, वॉशिंग मशीन बटण दाबताच एकच एरर कोड दाखवून थांबते. कोकणातल्या दुरुस्तीच्या दुकानांत असे बोर्ड नेहमी येतात आणि त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर एकही भाग जळलेला नसतो. बिघडलेला असतो तो एखाद्या चिपमध्ये साठवलेला मजकूर, ज्याला आपण सरसकट ‘सॉफ्टवेअर’ म्हणतो. हा मजकूर वाचण्याचे, पुसण्याचे आणि नव्याने लिहिण्याचे काम करणाऱ्या यंत्राला डिव्हाइस प्रोग्रामर म्हणतात, आणि अनेक कंपन्यांच्या, अनेक जातींच्या चिपा ज्या एकाच यंत्रावर चालतात तो युनिव्हर्सल प्रोग्रामर. राजापूरच्या किंवा कणकवलीच्या दुकानदाराकडे तो नसेल, तर बोर्ड कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवावा लागतो, त्यात दिवस जातात आणि तोवर गिऱ्हाईक नवे उपकरण घेऊन मोकळे होते. त्यामुळे असे यंत्र घ्यावे असे अनेकांना वाटते. पण बाजारात ते काही शे रुपयांपासून लाखाच्या आसपासपर्यंत मिळते आणि प्रत्येकाच्या खोक्यावर ‘तीस हजार चिपा’, ‘चाळीस हजार चिपा’ असे आकडे छापलेले असतात. त्या आकड्यांवरून यंत्र निवडू नये, आपल्या टेबलावर येणाऱ्या चिपांवरून आणि त्यांना लागणाऱ्या व्होल्टेजवरून निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत कशावर उभे आहे, हे या लेखात सविस्तर मांडतो.

आधी चिपमध्ये मजकूर राहतो कसा, हे थोडक्यात पाहू. मेमरी चिपच्या बहुतेक जातींत प्रत्येक बिटसाठी एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो आणि त्याच्या आत चारही बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेला एक छोटा कप्पा असतो. नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज दिले की इलेक्ट्रॉन त्या थरातून आत ढकलले जातात आणि वीज बंद झाली तरी तिथेच अडकून राहतात. खार जमिनीचा बांध जसा खाडीचे पाणी अडवून धरतो, तसा तो थर हा विद्युतभार वर्षानुवर्षे धरून ठेवतो, आणि बांधाप्रमाणेच तो अगदी हळूहळू पाझरूही शकतो. पुसलेल्या चिपमध्ये सर्व बिट १ असतात आणि लिहिणे म्हणजे हव्या त्या जागी १ चा ० करणे. म्हणून कोरी चिप वाचली की प्रोग्रामरच्या पडद्यावर सगळीकडे ‘एफएफ’ (आठही बिट १ असलेल्या बाइटची खूण) दिसते. ० चा पुन्हा १ एकेका बिटपुरता करता येत नाही, त्यासाठी संपूर्ण चिप किंवा तिचा एक भाग पुसावा लागतो.

यातला कळीचा भाग म्हणजे ते ‘जास्त व्होल्टेज’. इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसता येणारी मेमरी) ही चिप पुढे आणली, त्या काळापासून पुढची बरीच वर्षे हे जास्त व्होल्टेज चिपला बाहेरून पुरवावे लागत असे. नंतरच्या चिपांमध्ये ते आतच तयार करणारी छोटी व्यवस्था आली. म्हणून आजच्या टीव्हीतली किंवा लॅपटॉपमधली फ्लॅश चिप (विजेनेच, भागाभागाने पुसता येणारी मेमरी) अगदी स्वस्त, तळहातावर मावणाऱ्या प्रोग्रामरवरही लिहिता येते, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारखान्यातल्या मशीनची ईप्रॉम मात्र चांगल्या दिसणाऱ्या महागड्या यंत्रावरही कधी कधी लिहिता येत नाही. स्वस्त आणि महाग यंत्रांमधला पुष्कळसा फरक इथून सुरू होतो.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. चिपांची यादी करताना उत्पादक प्रत्येक नाव वेगळे मोजतात. विनबॉन्डची २५क्यू६४ ही चिप घेतली, तर तिच्या नावामागे लागणाऱ्या अक्षरांनुसार अनेक उपप्रकार होतात. प्रत्येक उपप्रकार अरुंद आठ पायांच्या, रुंद आठ पायांच्या, पाय नसलेल्या चपट्या अशा निरनिराळ्या बांधणींत येतो. आणि यादीत यांतल्या प्रत्येक जोडीची स्वतंत्र ओळ धरली जाते. शिवाय ‘ही चिप चालते’ याचा अर्थ ती यंत्राबरोबर आलेल्या सॉकेटवर बसते असाही नाही, कारण पुष्कळ ओळींपुढे वेगळा अडॅप्टर लागेल अशी बारीक अक्षरांत नोंद असते आणि तो अडॅप्टर स्वतंत्र विकत घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी एकत्र असलेल्या चिपच्या, बाबतीत ‘चालते’ म्हणजे कोरी चिप लिहिता येते; कंपनीने कुलूप लावून पाठवलेली चिप वाचता येईल, असे त्यात कुठेही अभिप्रेत नसते. वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर एसीच्या अनेक बोर्डांवरचा मुख्य प्रोग्राम अशाच कुलूपबंद मायक्रोकंट्रोलरमध्ये असतो. त्याची प्रत काढायची म्हणून कोणी महाग प्रोग्रामर घेत असेल, तर त्याचे पैसे वाया जातील. त्याच बोर्डावर शेजारी बसलेली आठ पायांची छोटी ईईप्रॉम (विजेने पुसता येणारी मेमरी), जिच्यात मॉडेलनुसार सेटिंग असते, ती मात्र सहसा वाचता येते आणि पुष्कळदा दुरुस्तीला तेवढेच पुरते.

म्हणून खरेदीपूर्वी एक वही घ्यावी आणि महिना-दोन महिने दुकानात आलेल्या प्रत्येक बोर्डावरच्या मेमरी चिपचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, लिहून ठेवावे. अक्षरे पुसट असतील तर भिंगातून किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून वाचावीत. घरगुती उपकरणांचे काम करणाऱ्याच्या वहीत बहुतेक तीनच घराणी दिसतील. २४ ने सुरू होणाऱ्या छोट्या ईईप्रॉम, ज्यांत टीव्ही, मशीन, एसी यांची सेटिंग असतात आणि ज्या दोन तारांवर बोलतात. २५ ने सुरू होणाऱ्या फ्लॅश, ज्यांत टीव्हीचा मुख्य प्रोग्राम किंवा लॅपटॉपचे बायोस, म्हणजे तो सुरू करणारा प्रोग्राम, असते. आणि ९३ ने सुरू होणाऱ्या, ज्या जुन्या टीव्हींत आणि गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांत आढळतात. नावातला आकडा किलोबिट किंवा मेगाबिटमध्ये असतो, बाइटमध्ये नाही, हे इथेच लक्षात ठेवावे: २४सी०२ म्हणजे २ किलोबिट, अर्थात २५६ बाइट, आणि २५क्यू६४ म्हणजे ६४ मेगाबिट, अर्थात ८ मेगाबाइट. मिळालेल्या फाइलचा आकार चिपच्या क्षमतेशी जुळत नसेल, तर ती फाइल लिहिण्याआधीच थांबावे. ९३सी४६ सारख्या चिपांमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: त्या ८ बिटांच्या किंवा १६ बिटांच्या मांडणीत चालू शकतात आणि प्रोग्रामरवर चुकीची मांडणी निवडली, तर वाचलेला मजकूर उलटसुलट दिसतो.

ज्यांच्या वहीत केवळ २४ आणि २५ ही घराणी असतील, त्यांना सीएच३४१ए या चिपवर आधारलेला, काही शे रुपयांत मिळणारा छोटा प्रोग्रामर पुरेसा आहे आणि त्यापलीकडे खर्च करण्याची घाई करू नये. त्याची एक उणीव मात्र घेण्यापूर्वी माहीत असायला हवी. या प्रोग्रामरचा जो काळा बोर्ड सर्वत्र मिळतो, त्यावर मेमरी चिपला वीजपुरवठा ३.३ व्होल्टचा होतो, पण नियंत्रक चिप ५ व्होल्टवर चालत असल्यामुळे माहितीच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. २५क्यू घराण्यातल्या चिपेच्या कोणत्याही पायावर पुरवठ्यापेक्षा ०.४ व्होल्टहून जास्त येऊ नये, असे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. पुष्कळ चिपा हा भार सोसतात, पण सोसतात म्हणून तो योग्य ठरत नाही. आणि चिप न काढता तिच्यावर क्लिप लावून बोर्डावरच वाचत असाल, तर तेच ५ व्होल्ट बोर्डाच्या मुख्य प्रोसेसरपर्यंत पोहोचतात. या बोर्डात बदल करून तारांवरही ३.३ व्होल्ट आणण्याची सोपी पद्धत अनेक तंत्रज्ञ वापरतात आणि ३.३ व ५ व्होल्ट निवडण्याची सोय असलेल्या सुधारित आवृत्त्याही मिळतात. मी तरी ग्राहकाचा बोर्ड बदल न केलेल्या काळ्या बोर्डाला जोडू नये, याच मताचा आहे.

व्होल्टेजचा प्रश्न दोन्ही टोकांना येतो, हे लक्षात घेतले की निवड बरीच सोपी होते. खालच्या टोकाला १.८ व्होल्टच्या चिपा आहेत. नव्या लॅपटॉपांत त्या मोठ्या प्रमाणावर दिसतात आणि बाहेरून त्या ३.३ व्होल्टच्या चिपेसारख्याच दिसतात. फरक फक्त नावातल्या अक्षरांत असतो. मॅक्रॉनिक्सची एमएक्स२५एल ३.३ व्होल्टच्या व्यवस्थेतली, तर एमएक्स२५यू १.८ व्होल्टची, विनबॉन्डच्या २५क्यू६४ च्या पुढे एफडब्ल्यू असेल तर तीही १.८ व्होल्टची, जिला १.६५ ते १.९५ व्होल्ट एवढेच चालते. छोट्या प्रोग्रामरला यासाठी १.८ व्होल्टचा अडॅप्टर वेगळा लावावा लागतो.

वरच्या टोकाला जुन्या ईप्रॉम आहेत, आणि इथे एका अक्षराची किंमत फार मोठी आहे. इंटेलच्या २७१६ ला लिहिण्यासाठी २५ व्होल्ट लागतात. २७३२ लाही २५ व्होल्ट लागतात, पण २७३२ए ला २१ व्होल्ट. २७६४ ला २१ व्होल्ट, तर २७६४ए ला १२.५ व्होल्ट. म्हणजे यादीतून ‘ए’ नसलेले नाव निवडून ‘ए’ असलेली चिप सॉकेटमध्ये बसवली, तर लिहायला सुरुवात होताच चिप निकामी होऊ शकते. पुढच्या २७सी घराण्याला साधारण १२.५ ते १३ व्होल्ट लागतात आणि लिहिताना त्यांच्या मुख्य पुरवठ्याचे व्होल्टेजही नेहमीच्या ५ ऐवजी सहाच्या पुढे न्यावे लागते. वेगाचाही फरक असतो: २७१६ ला प्रत्येक बाइटसाठी ५० मिलिसेकंदांचा झटका द्यावा लागतो, तिच्यात २०४८ बाइट असतात, त्यामुळे एवढी लहान चिप लिहायलाही शंभर सेकंदांवर वेळ लागतो आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो.

या जुन्या चिपा आता कोणाला लागतात, असे वाटणे साहजिक आहे. पण कुडाळ, मिरजोळे, लोटे अशा औद्योगिक वसाहतींमध्ये किंवा एखाद्या जुन्या छापखान्यात, ज्या मशीनचा मूळ उत्पादक आज अस्तित्वातही नाही, अशा मशीनच्या नियंत्रण बोर्डावर काचेची खिडकी असलेली ईप्रॉम आढळते, आणि तिच्यातला मजकूर गेला की सगळे मशीन भंगारात काढावे लागते. या खिडकीतून २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटे टाकला की चिप पुसली जाते. उघड्या उन्हानेही ती सुमारे आठवड्यात पुसली जाऊ शकते. म्हणून खिडकीवरची चिकटपट्टी कधीही काढून ठेवू नये. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे भार पाझरतोच, त्यामुळे मशीन चालू अवस्थेत असतानाच एकदा ती चिप काढून वाचून तिची फाइल जपून ठेवणे, हे काम कारखान्याच्या देखभाल विभागाला आवर्जून सुचवावे असे मला मनापासून वाटते. वाचण्यासाठी जास्त व्होल्टेज लागत नाही, ५ व्होल्टवर काम होते. लिहिण्यासाठी मात्र एक्सजेकूच्या टीएल८६६ टू प्लस या लोकप्रिय प्रोग्रामरची मर्यादा १८ व्होल्ट आहे, तर त्याच कंपनीचा नंतरचा टी४८ हा २५ व्होल्टपर्यंत जातो. जुन्या मशीनचे काम करणाऱ्याने हा एक फरक पाहूनच निर्णय घ्यावा.

टी४८ किंवा त्याच्या वर्गातला, चाळीस किंवा अधिक पायांचे खटक्याचे सॉकेट असलेला आणि काही हजार रुपयांत मिळणारा प्रोग्रामर सर्वसाधारण दुकानाला आणि तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेला सर्वांत योग्य वाटतो. २४, २५, ९३, २७ ही घराणी, ८०५१, पीआयसी आणि एव्हीआर जातींचे मायक्रोकंट्रोलर आणि गॅल या जुन्या लॉजिक चिपा हे सगळे त्यात येते. पदविकेच्या विद्यार्थ्यांना अजूनही लागणारी एटी८९सी५१ ही चिप लिहायला १२ व्होल्ट मागते आणि साध्या तारांच्या जुळणीने ती लिहिता येत नाही. नंतरच्या एटी८९एस५१ आणि एस५२ या मात्र बोर्डावरच लिहिता येतात. एव्हीआरचे आणखी एक उदाहरण उपयोगी आहे: आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपचा रीसेटचा पाय बंद करणारा फ्यूज बिट (चिपची मूलभूत सेटिंग ठरवणारा बिट) चुकून बदलला गेला, तर ती नेहमीच्या मार्गाने प्रतिसाद देणे बंद करते आणि रीसेटच्या पायावर १२ व्होल्ट देऊ शकणारा प्रोग्रामरच तिला परत वाटेवर आणतो. याउलट ज्यांचे काम केवळ एसटीएम३२ किंवा ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरांवर शिकण्याचे आहे, त्यांनी युनिव्हर्सल प्रोग्रामर घेऊच नये. पहिल्याला एसटी-लिंक हे छोटे जोडयंत्र आणि दुसऱ्याला साधी यूएसबी तार पुरते.

टीव्हीचेच काम मुख्य असलेल्या दुकानाचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे आरटी८०९एफ आणि आरटी८०९एच या प्रोग्रामरची नावे ऐकू येतात. पहिल्याचा फायदा असा की काही टीव्हींच्या बाबतीत मागच्या व्हीजीए किंवा एचडीएमआय जोडणीतून, बोर्ड न उघडता, फ्लॅश वाचता-लिहिता येते. दुसरा नँड आणि ईएमएमसी या मोठ्या मेमरींपर्यंत जातो, ज्या स्मार्ट टीव्हींत असतात.

नँड फ्लॅशबद्दल इथे जरा थांबून सांगावे लागेल, कारण याच ठिकाणी ‘प्रोग्रामर खराब निघाला’ ही तक्रार सर्वांत जास्त होते आणि ती बहुधा चुकीची असते. २५ घराण्यातल्या चिपेची हुबेहूब प्रत दुसऱ्या चिपेत उतरवली की काम होते. नँडमध्ये तसे होत नाही. एक गिगाबिटच्या सॅमसंग के९एफ१जी०८ या नमुनेदार चिपेत २०४८ बाइटचे एक पान आणि त्याला जोडून ६४ बाइटची राखीव जागा, अशा ६४ पानांचा एक ब्लॉक, असे १०२४ ब्लॉक असतात; आणि त्यांपैकी २० पर्यंत ब्लॉक कारखान्यातून निघतानाच खराब असू शकतात, असे उत्पादक स्वतःच सांगतो. जुन्या चिपेत कुठले ब्लॉक खराब आहेत आणि नव्या चिपेत कुठले, हे कधीच जुळत नाही. ते वगळून पुढच्या ब्लॉकमध्ये मजकूर सरकवायचा, की राखीव ब्लॉकमध्ये ठेवून त्याची नोंद एका तक्त्यात करायची, हे त्या उपकरणाच्या सॉफ्टवेअरने ठरवलेले असते. राखीव ६४ बाइटांत चूक सुधारण्याचे जे संकेतांक लिहिलेले असतात, त्यांची पद्धतही प्रोसेसरनुसार बदलते. म्हणून नँडचे काम करायचे असेल, तर ‘नँड चालते’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. खराब ब्लॉक हाताळण्याचे कोणते पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि राखीव जागा धरून तसेच वगळून असे दोन्ही प्रकारे वाचता येते का, हे विक्रेत्याला विचारावे.

ईएमएमसीमध्ये हा त्रास चिपच्या आतला नियंत्रकच सांभाळतो, त्यामुळे प्रत काढणे तर्काने सोपे असते. तिथे दुसऱ्या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे मुख्य भागाखेरीज दोन स्वतंत्र बूट भाग आणि चिपेची अंतर्गत सेटिंग हेही वाचता-लिहिता आले पाहिजेत, नाहीतर मुख्य मजकूर बरोबर असूनही टीव्ही सुरू होत नाही. दुसरी गोष्ट वेग. ८ गिगाबाइटची ईएमएमसी १२ मेगाबिट प्रतिसेकंद या जुन्या यूएसबी वेगाने वाचायची म्हटली, तर नुसत्या गणितानेच दीड तासाच्या आसपास लागतो आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. त्यामुळे या कामासाठी वेगवान यूएसबी असलेले यंत्रच घ्यावे.

क्लिप लावून वाचणे, हवामान आणि किनाऱ्यावरच्या अडचणी

आठ पायांच्या चिपेवर चिमट्यासारखी क्लिप लावून बोर्डावरच वाचण्याची पद्धत सोयीची आहे, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. प्रोग्रामरने चिपला दिलेला वीजपुरवठा बोर्डावरच्या बाकीच्या भागांतही पसरतो. व्होल्टेज खाली येते किंवा मुख्य प्रोसेसर अर्धवट जागा होऊन त्याच तारांवर बोलू लागतो. मग वाचलेला मजकूर दर वेळी वेगळा येतो. सलग दोनदा वाचून दोन्ही फाइलींचे चेकसम (सगळ्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळले, तरच ती फाइल खरी मानावी. जुळले नाहीत, तर हॉट एअरने चिप काढून सॉकेटमध्ये वाचावी. क्लिप लावण्याआधी उपकरणाचा प्लग भिंतीतून काढणे आणि मोठा कपॅसिटर रिकामा होऊ देणे अत्यावश्यक आहे, कारण पॉवर सप्लायचा मुख्य विजेकडचा भाग प्राणघातक असतो आणि तिथून आलेला एक झटका माणसाला, लॅपटॉपला आणि प्रोग्रामरला सारखाच भोवतो.

किनाऱ्यावर बोर्ड बिघडण्याचे मोठे कारण मीठ आणि ओल हे आहे. मिरकरवाडा, हर्णे किंवा मालवण बंदरातल्या बोटींवरून उतरवलेल्या उपकरणांत तांब्याचे पट्टे हिरवे पडून तुटलेले दिसतात, पण चिपच्या प्लास्टिकच्या आतला मजकूर बहुधा शाबूत असतो. अशा वेळी मेलेल्या बोर्डावरची ईईप्रॉम काढून तिच्यातली कॅलिब्रेशनची मूल्ये दुसऱ्या, त्याच मॉडेलच्या बोर्डावर नेता येतात. माझ्या मते कोकणातल्या तंत्रज्ञाला प्रोग्रामरचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच आहे, आणि त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. मात्र अशी चिप सॉकेटमध्ये ठेवण्याआधी तिचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने पूर्ण स्वच्छ करावेत. पायांवरचे क्षार सॉकेटच्या पात्यांवर उतरले की पुढची प्रत्येक चिप चुकीची वाचली जाते आणि दोष शोधण्यात दिवस जातो. काम सुरू करण्याआधी प्रत्येक पायाचा स्पर्श तपासून ‘अमुक पाय लागलेला नाही’ असे सांगणारी सोय काही यंत्रांत असते. कोरड्या प्रदेशात ती नसली तरी चालेल. आपल्याकडे तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे योग्य ठरते. यंत्र वापरात नसताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि अडॅप्टरही त्यातच ठेवावेत.

ओलीचा दुसरा परिणाम कमी लोकांना ठाऊक असतो. चिपेचे प्लास्टिक हवेतली आर्द्रता शोषते आणि डाख वितळवताना ती आतल्या आत वाफ होऊन चिप तडकवू शकते. ओलावा-संवेदनशीलतेच्या तिसऱ्या पातळीची चिप पाकीट फोडल्यावर ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासांच्या आत लावावी, असा उद्योगाचा नियम आहे. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दुकानात आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. म्हणून मोठ्या, विशेषतः खाली गोळ्यांचे पाय असलेल्या ईएमएमसीसारख्या चिपा बंद पाकिटात साठवाव्यात. उघड्या राहिलेल्या चिपा लावण्यापूर्वी त्यांच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे भट्टीत कोरड्या करून घ्याव्यात.

वीज जाण्याची भीती पुष्कळांना वाटते. पण चिप सॉकेटमध्ये असताना लिहिणे अर्धवट राहिले, तर ती पुन्हा पुसून लिहिता येते; खरे नुकसान तेव्हा होते, जेव्हा मूळ मजकूर जतन न करताच पुसलेला असतो. प्रोग्रामर यूएसबीवर चालतो, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी चांगली असली की प्रश्न मिटतो.

सॉफ्टवेअर, नकली चिपा आणि मूळ फाइल

प्रोग्रामर हे यंत्र जितके आहे तितकेच ते सॉफ्टवेअर आहे. नव्या चिपांची भर नियमित पडत नसेल, तर दोन-तीन वर्षांत यंत्र मागे पडते. म्हणून कंपनीने शेवटची आवृत्ती केव्हा काढली, ती मोफत आहे का, हे घेण्यापूर्वी पाहावे. जुन्या बाजारात प्रिंटरच्या पोर्टला जोडायचे, एकेकाळी नावाजलेले प्रोग्रामर स्वस्तात मिळतात. ज्याच्याकडे तसा पोर्ट आणि विंडोजची जुनी आवृत्ती चालणारा संगणक नाही, त्याने त्यांच्या मोहात पडू नये. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी सीएच३४१ए ला फ्लॅशरॉम आणि एक्सजेकूच्या यंत्रांना मिनीप्रो ही मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. स्लोव्हाकियातल्या एल्नेकसारख्या कंपन्यांची महाग यंत्रे प्रत्येक पायाची स्वतःची चाचणी घेतात आणि लिहिलेला मजकूर कमी तसेच जास्त व्होल्टेजवर पुन्हा वाचून पडताळतात. कारखान्यात रोज शेकडो चिपा लिहिल्या जात असतील तिथे हा खर्च योग्य आहे, दुरुस्तीच्या दुकानात तो भरून निघत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घेतलेल्या चिपांमध्ये जुन्या बोर्डांवरून काढून, घासून, नवे नाव छापलेल्या चिपाही येतात. प्रत्येक २५ घराण्याची चिप आपली ओळख सांगते: विनबॉन्डची ३.३ व्होल्टची २५क्यू६४ असेल तर साधारणपणे ‘ईएफ ४० १७’ आणि मॅक्रॉनिक्सची असेल तर सुरुवातीला ‘सी२’ दिसायला हवे. ओळख जुळत नसताना ‘तपासणी वगळा’ हा पर्याय दाबून पुढे जाऊ नये, कारण ती चिप दुसऱ्या क्षमतेची किंवा दुसऱ्या व्होल्टेजची असू शकते.

सर्वांत आधी मूळ मजकूर वाचून जतन करणे, हे काम चिप बिघडलेली असली तरी टाळू नये. टीव्हीच्या फ्लॅशमध्ये त्या एकाच संचाचा नेटवर्क पत्ता आणि काही खासगी किल्ल्या असतात, लॅपटॉपच्या बायोसमध्ये अनुक्रमांक असतो. दुसऱ्याची फाइल जशीच्या तशी लिहिली की यंत्र चालू होते, पण काही सोयी कायमच्या बंद पडतात. फाइलच्या नावात बोर्डचा क्रमांक, चिपचे पूर्ण नाव आणि तारीख घालावी. आणि गाडीच्या मीटरमधले किलोमीटर कमी करून देण्याचे काम, कितीही पैसे मिळत असले तरी, करू नये; पुढच्या खरेदीदाराची ती सरळ फसवणूक आहे.

यंत्र घरी आले की परत करण्याच्या मुदतीतच त्याची परीक्षा घ्यावी. एक कोरी २४सी०२, एक २५क्यू६४ आणि चाळीस पायांची एक एटी८९एस५२ एवढ्या चिपा त्यासाठी पुरतात. प्रत्येक चिप वाचावी, पुसावी, कोरी आहे का ते तपासावे, निरर्थक आकड्यांनी भरलेली एक फाइल लिहावी, पडताळावी आणि चिप काढून पुन्हा बसवून आणखी एकदा पडताळावी; चाळीस पायांची चिप सॉकेटचा जवळजवळ प्रत्येक खटका तपासून देते. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची चाचणी घेण्याची सोय असेल तर सॉकेट रिकामे ठेवून ती चालवावी, आणि लिहिणे चालू असताना चिपच्या पुरवठ्याच्या पायावर मल्टिमीटर लावून व्होल्टेज निवडलेल्या आकड्याशी जुळते का ते पाहावे. ते जुळत नसेल, तर यंत्र त्याच खोक्यात घालून परत पाठवावे आणि दुसरे मागवावे.